बाजूला ठेवलेली चांदी

जावांना शिकवायला आम्ही नऊ जणी होतो. आता शेडमध्ये मी एकटीच उरले आहे, आणि तीही खरं तर शेडमध्ये नाही. काचेच्या पलीकडे, एका खुर्चीवर.

'जावा' हे नाव छायाक्कांनी ठेवलेलं. कंपनीच्या कागदांवर त्यांना काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. बारा यंत्रहात, सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना सहा-सहा. खोकी फोडून ते उभे केले त्या दिवशी छायाक्का कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या बाई, धाकट्या जावा आल्या. नीट शिकवा गं त्यांना. शिकल्या की पहिलं आपल्यालाच चुलीपुढनं उठवतील."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

आमच्या शेडमध्ये देशभरातून मेलेल्या वस्तू यायच्या. मोबाइल, टीव्ही, वॉशिंग मशीन, लिफ्टचे जुने पॅनेल. त्या उघडायच्या, आतलं वेगळं करायचं, धातू धातूकडे, काच काचेकडे, विष विषाकडे. हे काम यंत्राला जमत नव्हतं, कारण दोन टीव्हीसुद्धा एकसारखे मोडत नाहीत. कुठं स्क्रू गंजलेला, कुठं कुणी फेविक्विक ओतलेलं. छायाक्कांच्या बोटांना मात्र ते न बघता कळायचं.

म्हणून कंपनीनं आम्हाला हातमोजे दिले. काळे, पातळ, आत केसाएवढ्या तारा. कुठलं बोट किती दाबलं, मनगट किती वळलं, स्क्रू सैल झाल्याचं बोटाला नेमकं कधी कळलं, सगळं टिपलं जायचं. वरून कॅमेरे. अकरा महिने आम्ही मोजे घालून काम केलं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., म्हणून माझ्याकडे वेगळं काम: पडद्यावर त्या-त्या तुकड्याचं नाव लिहायचं.

या यंत्रांना नियम सांगावे लागत नाहीत. एक हालचाल झाली की पुढची कोणती होते, एवढंच ती लाखो वेळा बघतात आणि त्याची सवय लावून घेतात. का, ते त्यांना कळत नाही. लहान मूल आईचं बघून देवापुढे हात जोडतं ना, तसं. हात अगदी बरोबर जुळतात. देव माहीत नसतो.

आता वाळ्यांचं सांगते.

आमचा भाग चांदीच्या कामाचा. कोल्हापूरपासून तासाभरावर, घरटी एक मूस आणि एक ऐरण. छायाक्कांचे यजमान दिनकरअण्णा चाळीस वर्षं पैंजण-वाळे करत होते. आणि शेडमध्ये येणाऱ्या जुन्या रिलेंमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्यांमध्ये, जिथे दोन पात्या एकमेकींना टेकतात तिथे तुरीच्या डाळीएवढा चांदीचा पॉइंट असतो. शेडमधल्या एखादीला सातवा लागला की बाकीच्या जणी त्यातले जाडजाड पॉइंट डावीकडे, ओच्याखाली बाजूला ठेवायच्या. बारशापर्यंत एका जोडीपुरते व्हायचे. बाळाचे पाय मोठे झाले की ते वाळे परत यायचे आणि नव्या पॉइंटांबरोबर आटून पुढच्या बाळाच्या पायात जायचे. कुणाच्याही बाळाच्या पायात त्याच्या एकट्याचे वाळे नसत.

याला चोरी म्हणायचं का, असं मी एकदा विचारलं होतं. नवीन होते तेव्हा.

"धान्य निवडताना चिमणीला चार दाणे टाकतोच की आपण," छायाक्का म्हणाल्या. "त्याला काय चोरी म्हणतीस?"

मला सातवा लागला तेव्हा मोजे चढून पाच महिने झाले होते. आठ जणींनी मोजे घालूनच माझ्यासाठी पॉइंट बाजूला ठेवले. मोज्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. सवयीच्या कामात डोकं असतंच कुठं?

बारशाला दिनकरअण्णांनी रुमालातून वाळे काढले. घुंगरं टपोरी, मधे नाजूक पीळ. "चांदी जरा आडमुठी आलीया ह्या खेपेला," ते म्हणाले, "वाकवताना कडकड करती. पण बाळाच्या पायाला काय, बसतील." आत्तींनी, माझ्या सासूबाईंनी, ते कपाळाला लावले आणि मिहिकाच्या पायात घातले.

मी मुळात भित्री आई. मिहू झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. वाळे आल्यावर मला थोडं सुटल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात भाकरी थापताना कान तिकडे. छुम, म्हणजे पाळण्यात आहे. छुमछुम, म्हणजे पालथी पडली. आवाज बराच वेळ आला नाही की मला कळायचं, बाईसाहेबांनी पाय तोंडात घातलाय. सगळी बाळं घालतात. आम्ही तिचे फोटोसुद्धा काढले तसे. अंगठा, घोटा, वाळा, सगळं एकदम तोंडात आणि वर लबाड डोळे.

*

मी बाळंतपणाहून परत आले तोवर जावा कामाला लागल्या होत्या. महिन्याभरात एकेक करून बायका घरी गेल्या. छायाक्का शेवटी. जाताना त्यांनी तीन नंबरच्या हाताच्या कोपरावर थाप मारली. "नीट नांदा गं," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. गेटबाहेर गेल्यावर आलं असेल.

मला ठेवलं ते अपवाद बघायला. जावांच्या उजव्या हाताला पेट्या असतात आणि पेट्यांवर एक 'डोळा'. तो वस्तूवर क्ष-किरण टाकतो. किरण लागले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत टाकतं. माणसांनी भरलेल्या अंधाऱ्या खोलीत हजेरी घ्यावी आणि ज्यानं त्यानं आपल्या आवाजात 'हजर' म्हणावं, तसं. तांबं तांब्याच्या आवाजात, चांदी चांदीच्या. कोण किती टक्के आहे ते अर्ध्या सेकंदात कळतं. डोळ्याचा गोंधळ झाला तर फोटो आणि आकडे माझ्या पडद्यावर येतात. मी सांगायचं, कोणती पेटी.

महिन्याभरानं निषादसरांनी मला बोलावलं. ते यंत्रांचे इंजिनिअर, माझ्याहून लहानच.

"पद्मजा मॅडम, हे जरा बघा." त्यांनी व्हिडिओ संथ केला. जावेनं रिले उघडला, पात्या कापल्या, पॉइंट चिमटीत धरला. उजवीकडे चांदीची पेटी. पण मनगट वळलं ते डावीकडे. पट्ट्याच्या कडेखाली गेलं, चिमटी सुटली, पॉइंट जमिनीवर पडला. "बाराही हेच करतात. सगळ्या पॉइंटांचं नाही, फक्त जाड असतील त्यांचं. हे कुणी शिकवलं यांना?"

मला त्या वळणात छायाक्कांचं मनगट दिसलं. हसू आलं, पण लगेच मी ते दाबलं. बायकांचा शेवटचा हिशेब कंपनीकडे अजून अडकलेला होता. चोरीचा शब्द निघाला असता तर त्यांच्या हाती काहीच लागलं नसतं.

"डावीकडे हत्यारं ठेवायची जागा होती सर. तेच शिकले असतील."

"असेल," ते म्हणाले. "काढून टाकायचं तर सगळं परत शिकवावं लागेल. राहू दे. खाली एक ट्रे लावतो."

ट्रे लावला. डावीकडे डोळा नव्हता. तिथे काय पडतंय ते कुणी वाचत नव्हतं.

त्या वेळी मिहू सहा महिन्यांची होती.

*

अकराव्या महिन्यात मिहू 'बाबा', 'भूभू' आणि 'दे' म्हणायची. सव्वा वर्षाची झाली तेव्हा फक्त 'दे' उरलं. दीड वर्षाची होईपर्यंत तेही गेलं.

"मुलं बोलायला उशीर करतातच," सुकुमार, माझा नवरा, म्हणाला. "मीच तीन वर्षांचा होईतो बोललो नव्हतो. विचार आईला."

"उशीर वेगळा. तिला येत होतं, सुकुमार. येत होतं ते गेलंय."

"तू सारखी बघत बसतीस, म्हणून तुला दिसतंय."

ते खरं होतं. मी बघत होते. ती जेवताना तोंड फिरवत होती, पोट धरून रडत होती, पिठासारखी पांढरी पडत चालली होती. डॉक्टर हेरवाडे मॅडमनी आधी लोहाचं औषध दिलं, मग रक्त पुण्याला पाठवलं. आठ दिवसांनी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"शिसं आहे रक्तात. पाचाच्या खाली हवं. हिचं बावन्न आहे."

मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. शिशाचा अणुअंक मला पाठ होता. बावन्न ऐकून मला पहिल्यांदा तोच आठवला, ब्याऐंशी.

मॅडमनी सावकाश समजावलं. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं. ते दार उघडतं, आत घेतं, हाडात नेऊन साठवतं. मेंदूच्या पेशी कॅल्शियमची वाट बघत असतात, तिथे हे जाऊन बसतं. मग निरोप पोचत नाही. मोठ्या माणसाचं निभतं. वाढत्या मेंदूचं निभत नाही.

"जुना रंग, काजळ, सुरमा, कुठलं भस्म, ताईत?"

"काही नाही."

"तुम्ही कुठे काम करता?"

मी सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मिहूला आपादमस्तक बघितलं, पायाशी थांबल्या. "हे चांदीचेच ना?"

"हो, चांदीचे. घरच्या माणसांनी केलेत," मी म्हणाले.

घरी आल्यावर आत्तींना सुकुमारनं सांगितलं. त्या देवापुढची वात सारखी करत होत्या. "मी कवापासनं सांगालोय, त्या भंगारातनं उठून थेट पोरीला जवळ घेऊ नको म्हणून. आईच घेऊन आली की घरात."

मलाही तेच वाटत होतं.

मग मी जे केलं त्याला घरातले वेड म्हणत. कामावरून आल्यावर मोरीत आंघोळ, डोक्यावरून. कपडे बाहेरच्या बादलीत. गाद्या उन्हात, जमीन दिवसातून तीनदा ओली पुसायची, खेळणी उकळायची. एकही वस्तू सोडली नाही. दर रविवारी मी मिहूचे वाळेसुद्धा काढून दंतमंजनानं घासायची. ते फार लवकर काळवंडत. आत्ती म्हणायच्या, चांदीला विष कळतं, पोरीवरची दृष्ट ओढून घेत्यात ते. मी घासून पांढरेशुभ्र करायची, आणि परत तिच्या पायात घालायची.

तरीही मन ठरेना. विषाचं मूळ मीच, तर मी लांब व्हावं. मिहूला माझ्या आईकडे, शिरोळला ठेवलं. नोकरी सोडावी म्हटलं तर सुकुमारचा कारखाना तीन महिने बंद होता आणि औषधं चालू होती. दर रविवारी बसनं जायचं, घासून अंघोळ केलेल्या अंगानं, आणि तरीही तिला उचलून घ्यायला भ्यायचं. ती हात वर करायची. मी तिच्याशी चार हातांवरून बोलायची.

"घे की गं तिला," आई म्हणायची. "एवढी काय विटाळशी आहेस?"

मी तिचे वाळे तेवढे घासून द्यायची.

सहा आठवड्यांनी परत रक्त तपासलं. त्रेसष्ट.

"तुमच्यापासून लांब होती ना?" हेरवाडे मॅडमनी दोनदा विचारलं.

*

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, डावीकडचा ट्रे भरला. नियमाप्रमाणे तो पट्ट्यावर ओतला गेला आणि पहिल्यांदाच उजवीकडच्या डोळ्याखालून गेला. मी चहा घेत होते. पडद्यावर फोटो आला. डाळीएवढे पॉइंट, ढीगभर, करडे-पांढरे. खाली आकडे.

चांदी ऐंशी पूर्णांक चार. तांबे दहा. कथील सहा. शिसे साडेतीन.

वर्ग सांगा.

मी फोटो मोठा केला. प्रत्येक पॉइंटच्या मागे पातीचा छोटा तुकडा राहिला होता आणि त्या तुकड्यावर सांधायच्या डाखाचा थेंब. जुना डाख, म्हणजे कथील आणि शिसं. पेटीत टाकायचा पॉइंट जावा घासून साफ कापतात. बाजूला ठेवायचा पॉइंट घाईनं कापतात. कारण बायका तो घाईनं कापायच्या, कुणी बघायच्या आत.

चांदी जरा आडमुठी आलीया. वाकवताना कडकड करती.

चहाचा कप कुठे ठेवला ते आठवत नाही. मी आईला फोन लावला.

"आई, मिहूच्या पायातले वाळे काढ. आत्ता."

"का गं? आत्ताच तर गप बसलीय. मघाशी कवाधरनं रडत होती. पाय तोंडात घालून पडलीय बघ…"

"आई, काढ!"

फोनमधून पहिल्यांदा छुम आलं, मग एकदम मिहूचा आवाज, कुणी तोंडातला घास काढून घ्यावा तसा.

*

वाळे घेऊन मी दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली धरले. शिसे तीन पूर्णांक सहा. मग सुट्टी टाकून छायाक्कांकडे गेले.

दिनकरअण्णा बाजेवर होते, खोकत. छायाक्का शेंगा फोडत होत्या. "ये की पद्मा! पोरगीला आणलं न्हाईस व्हय? आणि हे तोंड का असं उतरलंय?"

मी सगळं सांगितलं. डाख, टक्के, रक्ताचा आकडा. त्या शेंगा फोडतच राहिल्या. टरफलं एका बाजूला, दाणे दुसऱ्या. शेवटी म्हणाल्या, "डाख मी कापून टाकायचे. मला काय डाख कळत न्हाई व्हय?"

"कळतो, अक्का. पण पटकन कापताना थोडा राहायचा. मी फोटो बघितलाय."

"आटणीत जळून जातंय ते," अण्णा बाजेवरून म्हणाले.

"शिसं नाही जळत, अण्णा. चांदीतच राहतं."

अण्णा हळूच म्हणाले, "म्हणून कडकड करत हुती." आणि भिंतीकडे तोंड केलं.

छायाक्कांनी सूप खाली ठेवलं. "किती पोरं झाली गं आपली? रेशमाचं पहिलं. मग वैजूची जुळी, त्यांना एक-एकच वाळा दिला, आठवतंय? आमच्या राणीचा सोहम. कमलची धाकटी. मग तुझी." त्या बोटांवर मोजत होत्या. एकेका बोटाशी थांबत होत्या. "रेशमाचं पोरगं साळंत बसत न्हाई, बाई रोज बोलावून घेतात. वैजूच्या एकाला फिट येती. आमचा सोहम…"

आतल्या खोलीत सोहम होता, पाच वर्षांचा. मघापासून एकच ड्रॉवर उघडत होता, लावत होता.

"आमी म्हटलं नशीब," छायाक्का म्हणाल्या. "एकेकीचं एकेक नशीब. कुणाच्या ध्यानात यायचं, सगळ्यांचं एकच हाय?"

"अक्का, मला सगळ्यांची नावं हेरवाडे मॅडमना द्यावी लागतील. तपासण्या करायला हव्यात. मग कुठून आलं ते सांगावं लागणार."

"म्हंजे आमी चोऱ्या केल्या, ते सांगणार."

"हो."

"आणि आमच्याच हातानं पोरांना घातलं, ते."

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांग," म्हणाल्या. "पण रेशमाला तू सांग. मला न्हाई जमायचं." आणि मग, मी उठताना, "त्या जावा अजून बाजूला ठेवत्यात म्हणालीस?"

"हो."

"तुझ्या सातव्यातलं बघून शिकल्या असतील." त्यांनी तोंडाला पदर लावला. "अशी कशी गं अवदसा शिकवली आपण."

*

मी नावं दिली. सहाही मुलांच्या रक्तात निघालं, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. रेशमाभाभीनं माझं ऐकून घेतलं आणि दार लावलं. वैजू अजून फोन उचलत नाही.

कंपनीचं पत्र चार ओळींचं होतं. शेडमधून कोणताही माल बाहेर गेल्याची नोंद नाही. आवक आणि जावक जुळते. संबंधित दागिन्यांशी कंपनीचा संबंध नाही. चोरी झालीच नाही म्हटल्यावर विषही गेलं नाही.

मी निषादसरांपुढे उभी राहिले आणि दीड वर्षापूर्वी गिळलेलं सगळं बोलले. ते ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला.

"तेव्हाच सांगितलं असतं तर मी ते पॉइंट त्याच दिवशी डोळ्याखाली टाकले असते," ते म्हणाले. रागानं नव्हे. नुसतं म्हणाले.

तेव्हा मिहू सहा महिन्यांची होती. हे गणित मी रोज करते. मी जी एक गोष्ट मायेनं लपवली, तीच नडली.

"आता तरी ती सवय काढा यांची," मी म्हणाले.

"कशी काढू? या बारांचं शिक्षण देशातल्या एकतीस कारखान्यांत गेलंय. सगळे हात तेच करतात. परत शिकवायला माणसांचे हात लागतील, आणि तसे हात आता कुठेच कामावर नाहीत." त्यांनी खिडकीतून शेडकडे बघितलं. "आणि वरून कळवलंय की त्या ट्रेला आता 'गुणवत्ता नमुना' म्हणायचं. ते माणसांनी शिकवलं होतं असं कुठे लिहायचं नाही."

मिहूला शिसं बाहेर काढायच्या कॅप्सूल दिल्या. एकोणीस दिवस. कुजक्या अंड्यासारखा वास, मधात मिसळून, नाक दाबून. आकडा एकतीसवर आला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पाच आठवड्यांनी परत चव्वेचाळीस.

"हाडं सोडताहेत," हेरवाडे मॅडम म्हणाल्या. "साठलेलं आहे ते वर्षानुवर्षं थोडं थोडं येत राहील. आपण काढत राहू."

"आणि शब्द?"

त्यांनी फाइल बंद केली, उघडली. "जे झालंय ते परत होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही, पद्मजा. पुढचं थोडं वाचवू."

ती घरी आहे आता. मी तिला उचलून घेते, हवी तेवढी. पण वाळे गेल्यापासून ती घरात कुठे आहे ते मला ऐकू येत नाही. भाकरी तव्यावर टाकून मी दर मिनिटाला धावते. ती कोपऱ्यात बसलेली असते, पाय धरून, मोकळा घोटा तोंडात घालून. चोखते, थांबते, घोट्याकडे बघते. काय गेलंय ते तिला आठवतं. त्याचं नाव तेवढं तिच्यापाशी नाही.

काल मी वाळे कामावर नेले. घरात ठेववत नव्हते, नदीत टाकवत नव्हते. भट्टीत जाऊन त्यांचं शिसं शिशाकडे आणि चांदी चांदीकडे जाऊ दे, एवढंच वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीत काचेचं दार उघडून आत गेले आणि दोन्ही वाळे पट्ट्यावर ठेवले. घुंगरं वाजली. शेडमध्ये तो आवाज पहिल्यांदाच.

तीन नंबरच्या जावेनं पहिला वाळा उचलला. चिमटीत फिरवला. क्षणभर थांबली. मी उजवीकडच्या पेटीकडे बघत होते.

मनगट डावीकडे वळलं.

पट्ट्याच्या कडेखाली गेलं, अगदी हळू, आणि वाळा ट्रेमध्ये टेकवला. टाकला नाही, टेकवला. मग परत येऊन दुसरा उचलला आणि त्याच्याशेजारी ठेवला, जोडीनं.

मी ट्रेपाशी वाकले. आत नवे पॉइंट जमले होते, वाळ्यांभोवती, मूठ-दीड मूठ. माझा हात आपोआप अंदाज घ्यायला गेला.

आणखी एका बाळाला पुरतील एवढे होते.